कारागीर पाणी



पत्रिकेत विषय छापलाय ‘स्वतःहून जुळणारे पॉलिमर आणि वैद्यक’. पॉलिमर म्हणजे लांबलचक साखळीचा रेणू, हे शाळेत होऊन गेलंय. तिथं थांबत नाही. मला बोलायचंय पाण्याबद्दल. या सगळ्या जुळणीत खरा कारागीर पाणी आहे, असं माझं ठाम मत आहे.

ही बाटली आत्ता बर्फातून काढली. आत पोलॉक्झामर ४०७ या पॉलिमरचं २० टक्के द्रावण आहे, पातळ. पहिल्या रांगेतल्या ताई, जरा मुठीत धरून बसता का?

आपलं तूप थंडीत थिजतं, हे उबेत थिजतं. या साखळीची दोन्ही टोकं पाण्यात रमणारी. मधला तुकडा गार असेतोवर पाण्याचं पांघरूण घेऊन असतो. ऊब लागली की पांघरूण सुटतं, उघडे पडलेले तुकडे एकमेकांना बिलगतात, त्यांचे बारीक गोळे होतात आणि गोळ्यांची इतकी दाटी होते की सगळं जागीच बसतं.

आमच्या प्रयोगशाळेत एकदा मे महिन्यात रात्रभर वीज गेली. सकाळी फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या घट्ट. विद्यार्थी नवा होता. माल नासला असं समजून त्यानं तीन आठवड्यांचं काम चमच्यानं खरवडून टाकून दिलं. एकच बाटली उरली होती. ती मी बर्फात खुपसली आणि त्याला शेजारी बसवलं. थोड्या वेळानं ती वाहायला लागली. रागवायचं राहूनच गेलं. तो पोरगा दिवसभर ती बाटली हातात घट्ट करत होता, बर्फात पातळ करत होता. पाण्याची करामत त्याला त्या दिवशी कळली.

ताई, आता उलटी करा बाटली. (टाळ्या)

काय म्हणालात? गुडघ्यात भरता येईल? (हशा) नाही. हे जेल शरीरात लवकर विरून जातं. टिकाऊ वाट सापडली ती एमआयटीत. तिथले संशोधक शुगुआंग झांग यांना यीस्टच्या एका प्रथिनात १६ अमिनो आम्लांचा तुकडा दिसला. एक बाजू तेलकट, दुसरीवर धन-ऋण भार. खारट द्रवात घातल्यावर त्याचा डोळ्यांना दिसेल असा पापुद्रा झाला. हे छापून आलं १९९३ साली. त्याच्याच भावंडानं २००६ साली हॅमस्टरच्या मेंदूतली तुटलेली दृष्टिवाट पुन्हा जोडली.

‘हॅमस्टरच ना?’ हे मला दरवेळी ऐकवतात. हो, हॅमस्टरच. पण त्याच भावंडाचं जेल आज एंडोस्कोपीत माणसांचा रक्तस्राव थांबवायला वापरतात. बरीच वर्षं लागली, तेवढी लागतातच.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं. आपल्या शरीरातलं कोलॅजन हे प्रथिन राहिलंच! त्याची तिपेडी वेणी मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांनी १९५०च्या दशकात उलगडली. गार आम्लात विरघळवा, आम्लपणा घालवा, ३७ अंशांवर ठेवा. धागे आपोआप विणले जातात. तिथंही पाणी बाजूला सरतं म्हणूनच.

ताई, ती बाटली पुन्हा बर्फात ठेवा. आभारप्रदर्शन होईतो पातळ होईल. जाताना बघून जा सगळे.