अभ्यासक्रम बदलताना मुलांना आधार

(सुरत येथे मराठी पालक व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जळगाव, धुळे, नंदुरबारकडील माणसे पोटापाण्यासाठी सुरतेस आली, त्यास अनेक पिढ्या लोटल्या. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत आजही मराठी आणि अहिराणी कानी पडते. येथील महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा मराठीसह सात माध्यमांतून चालतात. तेव्हा शाळेची भाषा बदलणे हा अनुभव आपल्या घरांना नवा नाही. मला आज बोलावयाचे आहे ते निराळ्या बदलाविषयी. दहावीपर्यंत राज्य मंडळाच्या शाळेत शिकलेले मूल अकरावीस इंटरनॅशनल बॅकलॉरिएट किंवा केंब्रिजच्या अभ्यासक्रमाकडे वळते, त्या बदलाविषयी. या शाळांचे शुल्क लाखांच्या घरात असते; हा मार्ग सर्वांसाठी नाही, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु सवलत मिळवून तेथे जाणारी मुले आपल्यातही आहेत.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगा असाच गेला. वडील रंगाईच्या गिरणीत कामाला. दहावीला उत्तम गुण मिळविलेल्या या मुलाचा पहिलाच निबंध शिक्षकांनी परत केला. पुस्तकातील परिच्छेद त्याने जसेच्या तसे उतरविले होते आणि आधार कोठून घेतला ते लिहिले नव्हते. त्याला वाटले, आपल्यावर चोरीचा आळ आला. दोन दिवस तो धड जेवला नाही. यात त्याचा दोष किती? जे पाठ करून बिनचूक लिहिल्याबद्दल दहा वर्षे शाबासकी मिळाली, तेच एकाएकी गैर ठरले, आणि हे त्याला आधी कोणी समजावूनही सांगितले नाही.

अडचण बहुधा इंग्रजीची नसते, बुद्धीची तर नसतेच. उत्तर कशाला म्हणावे, याची व्याख्याच बदललेली असते. ‘वर्णन करा’, ‘स्पष्ट करा’ आणि ‘मूल्यमापन करा’ या तीन सूचनांना तेथे तीन वेगळी उत्तरे लागतात. जुन्या शाळेतील शिक्षकांनी सुट्टीत एकच धडा घेऊन त्यावर असे तीन प्रश्न मराठीतून सोडवून घेतले, तरी मुलाची निम्मी भीती जाईल.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था १९६८ साली जिनिव्हा येथे स्थापन झाली. तिचा पदविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा. विषय सहा, प्रत्येकास कमाल ७ गुण. त्याखेरीज ४,००० शब्दांपर्यंतचा एक दीर्घ निबंध आणि ज्ञानमीमांसेचा अभ्यास यांचे मिळून कमाल ३ गुण, एकूण ४५. ‘पंचेचाळीसपैकी तीस’ ऐकून शेजारी नाके मुरडतात. परंतु या गुणांची आपल्या टक्केवारीशी थेट तुलना होत नाही, हे आईवडिलांना तरी ठाऊक असावे.

त्या मुलाकडे पुन्हा वळतो. रसायनशास्त्रात स्वतः प्रश्न निवडून प्रयोग करावयाचा होता. रंगविलेल्या कापडाचा रंग पाण्याच्या तापमानाप्रमाणे किती सुटतो, हा प्रश्न त्याने घेतला. वडील म्हणाले, ‘‘अरे, रंगाईनंतर वर राहिलेला सुटा रंग आधी धुऊन काढ, नाहीतर तुझी मोजमापे फसवी येतील.’’ मुलाने तसे केले आणि ही माहिती वडिलांकडून मिळाली असे अहवालात नमूदही केले. अहवाल त्याचाच होता. वडिलांनी एक अक्षर लिहिले नाही. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मुलाच्या अभ्यासात आपले काम नाही, असे मानणाऱ्या पालकांना मी ही हकीगत मुद्दाम सांगतो. मराठी साहित्यही सोडावे लागेलच असे नाही. या पदविकेत मातृभाषेचे साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वयंअध्ययनाने घेण्याची तरतूद आहे. मात्र त्याची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी.

आता व्यवहाराचे. भारतीय विद्यापीठ संघ ही पदविका बारावीशी समकक्ष मानतो. तथापि अभियांत्रिकी वा वैद्यकीय शाखेसाठी लागणारे विषय सहांमध्ये आहेत की नाहीत, हे अकरावीलाच पाहावे. नंतर विषय बदलणे कठीण. मे महिन्यातील परीक्षेचा निकाल जुलैच्या आरंभी लागतो. तोवर अनेक महाविद्यालयांची प्रवेशप्रक्रिया सुरू झालेली असते. म्हणून ज्या महाविद्यालयात जावयाचे, तेथे शाळेने दिलेले अपेक्षित गुण तात्पुरते चालतात काय, हे बारावीच्या दिवाळीपूर्वी विचारून घ्यावे आणि उत्तर लेखी मागावे.