टक्के, पण कशाचे?

22 सप्टेंबर 2025, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, अंगाचा साबण यांवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. अठरातून पाच गेले, उरले तेरा. तेव्हा वस्तूही तेरा टक्क्यांनी स्वस्त व्हायला हवी, असा तोंडी हिशेब कुणीही करील. तेवढी कपात दिसली नाही की संशय मात्र दुकानदारावर!

करापूर्वी 100 रुपयांची असलेली बाटली आधी 118 रुपयांना मिळे, ती 105 ला आली. तेरा रुपये वाचले, हे खरं. पण गिऱ्हाईक 118 मोजत होतं, 100 नव्हे. 118 वर 13 म्हणजे जेमतेम अकरा टक्के. दुकानदारानं पैसुद्धा खाल्लेली नाही.

बदलाची टक्केवारी काढायची रीत एका ओळीची आहे: नव्यातून जुनं वजा करावं, उरलेल्या फरकाला जुन्यानं भागावं, शंभरानं गुणावं. गफलत होते ती भागताना.

शेअर बाजारात ही गफलत महाग पडते. जानेवारी 2020 च्या मध्याला सेन्सेक्स 41,950 च्या आसपास होता. करोनाच्या धास्तीनं 23 मार्चला तो 25,981 वर बंद झाला; घसरण सुमारे 38 टक्के. मग 38 टक्के चढला की भरपाई झाली? नाही. 25,981 मध्ये त्याचे 38 टक्के मिळवले तर बेरीज 36,000 च्याही खालीच राहते. पडताना भागायचं 41,950 नं, चढताना 25,981 नं. म्हणून मूळ जागी यायला 61 टक्के वाढ लागली. नोव्हेंबरात ती झाली.

शाळेच्या पुस्तकात व्याजाच्या दराआधी 'द.सा.द.शे.', म्हणजे दर साल दर शेकडा, असं छापत, ते उगाच नव्हे. सावकार नुसतं 'शेकडा तीन' म्हणतो, महिना मनातच ठेवतो. वर्षाचे झाले छत्तीस.

व्याजदराच्या बातम्यांत आणखी एक मेख असते. फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 6.5 वरून 5.5 टक्क्यांवर आणला. दर एक टक्क्यानं उतरला असं आपण म्हणतो. बँकवाले 100 बेसिस पॉइंट म्हणतात, आणि तेच नेमकं आहे. कारण साडेसहाच्या मानानं ही घट पंधरा टक्क्यांहून जास्त भरते. कर्जदाराच्या हप्त्याला मात्र यातला कुठलाच आकडा लागू पडत नाही. समजा, 30 लाखांचं कर्ज, मुदत वीस वर्षं, आणि व्याज साडेनऊवरून साडेआठ टक्क्यांवर आलं. 27,964 रुपयांचा हप्ता 26,035 वर येईल, म्हणजे साधारण सात टक्क्यांनी कमी. आणि बँकेनं हप्ता तसाच ठेवून मुदत घटवली असेल, तर हप्त्याच्या रकान्यात फरक शून्य टक्के दिसेल. तो शोधायचा उरलेल्या महिन्यांच्या रकान्यात.