माकडताप आणि विहाराचा ऋतू



जीवविचार प्रकरणात तीन इंद्रियांच्या जीवांची जी नामावली आहे, तीत मुंगी, ऊ, ढेकूण यांच्या पंक्तीस गोचिडीच्या जातीचाही उल्लेख आहे. हा इवलासा जीव आज आरोग्यविषयक व्याख्यानाचा विषय व्हावा, यास सबळ कारण आहे.

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि लगतच्या खेड्यांतील माणसे तीव्र तापाने अंथरुणास खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, या रोगाचा विषाणू शोधून काढला. वाहक निघाली रानातील गोचीड. शास्त्रीय भाषेत यास क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. लोकांनी त्याचे नाव माकडताप ठेवले. अनेक दशके तो प्रामुख्याने त्याच परिसरात राहिला. मात्र २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचा उद्रेक झाला. काजूच्या बागांत राबणारी माणसे त्यास बळी पडली.

आपल्या समाजाने येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. तिळाहूनही लहान अशी अर्धवट वाढीची गोचीड डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत रानात विशेष सक्रिय असते. कार्तिकी पौर्णिमेस चातुर्मास संपून साधु-साध्वीजींचा विहार सुरू होतो, तोही नेमका याच महिन्यांत. अनवाणी पावले, घाटवाटा आणि सोबत सेवेसाठी चालणारे श्रावक! हुमचा येथील पद्मावती मातेच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूंनीही ध्यानात ठेवावे की, ते क्षेत्र याच शिमोगा जिल्ह्यात आहे. देवस्थानी जाण्यात भय नाही. सावधगिरी हवी ती वाटेत जंगलातील पालापाचोळ्यात बसताना.

गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी कडक ताप चढतो. डोके ठणकते, कंबर व पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लाल होतात. उलट्या, जुलाब, क्वचित नाका-हिरड्यांतून रक्तस्राव होतो. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत सावरतात. परंतु काहींना ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि त्या वेळी मेंदूवर परिणाम होऊन भ्रम, कंप, दृष्टिदोष दिसतात. घरची मंडळी येथेच फसतात. रुग्ण बरा झाला असे समजून निर्धास्त होतात. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात, ही संख्या थोडी म्हणता येणार नाही.

या विषाणूवर रामबाण औषध नाही. वेळेवर रुग्णालयात दाखल करून सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि तापासाठी पॅरासिटामॉल, हाच उपचार होय. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. जुनी लस पुरेशी परिणामकारक न ठरल्याने २०२२ साली बंद झाली. नवीन लसीचे काम सुरू आहे. हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही, म्हणून रुग्णाची सेवा टाळण्याचे कारण नाही.

अंगावर चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. तिला चटका देणे, रॉकेल लावणे, नखाने चिरडणे हे अहिंसेच्या दृष्टीनेही अनुचित आणि वैद्यकीय दृष्ट्याही घातक. काढलेली गोचीड डबीत बंद करून डॉक्टरांना दाखवावी. गोठ्याजवळ सोडू नये. अर्थात, जी गोचीड अंगावर चढलीच नाही, तिच्याबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही. घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे, पांढरे किंवा फिक्या रंगाचे कपडे वापरावेत. पांढऱ्यावर गोचीड चटकन दिसते. पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत. आरोग्य खात्याकडून मिळणारे डीएमपी किंवा डेपा तेल उघड्या अंगास लावावे. घरी परतताच गरम पाण्याने स्नान करून काखा, जांघा, कानामागची जागा तपासावी. गोशाळेतील गुरे या रोगाने आजारी पडत नाहीत, पण गोचिडी त्यांच्यावर पोसल्या जातात. तेव्हा पशुवैद्यांकडून नियमित उपाययोजना करावी.

मेलेले माकड दिसले की ग्रामीण भागात श्रद्धेने त्याला उचलून, हार घालून पुरण्याची रीत आहे. करुणा स्तुत्य, पण त्या देहावरून उतरलेल्या गोचिडी नव्या आश्रयाच्या शोधात आसपासच्या पाचोळ्यात पसरलेल्या असतात. जवळ न जाता प्राथमिक आरोग्य केंद्रास किंवा वनखात्यास तत्काळ कळवावे.

साधुभगवंतांच्या आचारमर्यादेत तेल किंवा मोजे बसत नाहीत. तेव्हा ही जबाबदारी विहारसेवेतील श्रावकांची आहे. सह्याद्रीतील जंगलाचा टप्पा ठरवण्यापूर्वी वाटेवरील आरोग्य केंद्रात दूरध्वनी करून माकडांच्या मृत्यूची चौकशी करावी, पायवाटेऐवजी डांबरी रस्ता निवडावा आणि विसाव्यासाठी पाचोळा नसलेली, मोकळी उन्हाची जागा आधीच पाहून ठेवावी.