गळ, तंगूस आणि मुठेचं पाणी

(मंडळाच्या निधी-संकलन स्नेहभोजनात केलेले भाषण)



जेवणाआधी दहा मिनिटं बोला, असा अध्यक्षांचा हुकूम आहे. भुकेल्या माणसांपुढे माशांवर बोलणं ही तशी जोखीमच, त्यातून आजच्या मेन्यूत मासे नाहीत! तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही म्हणजे मंडळातले सहा जण. पाच सॉफ्टवेअरवाले आणि एक गाड्यांच्या ब्रेकवाला, सगळे डेट्रॉइटच्या आसपास नोकरीला. मे ते ऑक्टोबर दर शनिवारी पहाटे चारला आम्ही घरातून चोरपावलांनी निघतो आणि कुठल्यातरी तळ्याकाठी गळ टाकून बसतो. "सोमवारी नऊच्या मीटिंगला उठवत नाही, मग शनिवारी चारला कशी जाग येते?" हा प्रश्न सहाही घरांत विचारला जातो. उत्तर अजून सापडलेलं नाही.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. मिशिगनमध्ये ११,००० हून जास्त तळी आहेत. जिकडे गाडी वळवावी तिकडे पाणी. एवढं पाणी उशाशी असताना वीकएंडला मॉलमध्ये काय फिरायचं, म्हणून आम्ही सेलमध्ये काठ्या घेतल्या, आणि इंजिनिअर असल्यामुळे आधी एक्सेल शीट तयार केली. हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, वेळ, आमिष, किती मासे. पहिले पाच शनिवार शेवटच्या रकान्यात शून्य! सहाव्या शनिवारी आमच्यातल्या मालवणच्या गड्याने ती शीट बघितली आणि म्हणाला, "अरे, गरवायला कागद लागत नाही, गप्प बसायला लागतं. तुम्ही तासभर प्रोजेक्टच्या गप्पा मारताय, मासा येईल कशाला?" आम्ही गप्प बसलो. वीस मिनिटांनी तंगूस ताणली गेली आणि तळहाताएवढा एक ब्लूगिल वर आला. त्या दिवशी जो आरडाओरडा झाला, त्यानंतर दुसरा मासा मिळणं शक्यच नव्हतं.

खरं शिक्षण दिलं ते धक्क्यावर रोज बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांनी. मासा सोडून द्यायचा असेल तर हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे गळ पटकन निघतो. बास चौदा इंचांपेक्षा लहान असेल तर मोह आवरा, तो ठेवायला कायद्याने बंदी आहे. आमच्यातला एक पक्का शाकाहारी. मासा पकडतो, त्याच्याकडे बघून हसतो आणि परत सोडतो. त्याच्या आईला अजून वाटतं की तो तळ्यावर फिरायला जातो. (काकू आज आलेल्या नाहीत, म्हणून बोलतोय!)

आता जरा हिशोबाचं बोलू. इथे सतरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला मासेमारीचं लायसन लागतं. आम्हाला आधी वाटलं, ही काय कटकट! नंतर कळलं की काठी आणि रीळ घेतानाच त्यावर दहा टक्के केंद्रीय कर वसूल झालेला असतो. १९५० सालच्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या सामानावरच्या या कराचा पैसा माशांच्या कामासाठी राखून ठेवला. तो पैसा राज्यांना परत मिळतो, आणि कुठल्या राज्याला किती हे ठरवताना साठ टक्के वजन लायसनवाल्यांच्या संख्येला आणि चाळीस टक्के क्षेत्रफळाला असतं. म्हणजे आपण एक लायसन काढलं की राज्याच्या खात्यात थोडी भर पडते. त्यातून माशांची बीजं सोडली जातात, धक्के बांधले जातात, पाण्याचा अभ्यास होतो. पाण्याकाठी बसून ज्याने सुख घेतलं, त्याने त्या पाण्यासाठी चार पैसे द्यावेत, एवढाच साधा हिशोब.

पण हा हिशोब नेहमी पुरा पडत नाही. तो किस्सा सांगतो, आणि खरं म्हणजे त्याचसाठी आज आम्ही माईकसमोर उभे आहोत.

२०१८ चा उन्हाळा. आमच्या एका मित्राची आई पुण्याहून आली होती. तिला आणि आठ वर्षांच्या नातवाला घेऊन आम्ही ह्युरॉन नदीवर गेलो. नातवाच्या गळाला आयुष्यातला पहिला मासा लागला. पोरगं नाचत सुटलं, "आजी, तू याचं कालवण कर!" आजींनीही पदर खोचला. आणि त्या आठवड्यात बातमी आली होती ती आम्हाला आठवली. राज्याच्या आरोग्य खात्याने ह्युरॉनच्या मोठ्या पट्ट्यातले मासे खाऊ नका, अशी सूचना काढली होती. कारण पीफास नावाची रसायनं. धातूला मुलामा देण्याचे कारखाने, आग विझवायचा फेस, न चिकटणारे तवे, अशा कामांत ती वापरली गेली. त्यांच्यातला कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका चिवट की निसर्गात ती वर्षानुवर्षं तशीच राहतात. दुसरी काही रसायनं माशाच्या चरबीत साठतात, चरबी काढली की कमी होतात. ही मात्र मांसातच बसतात. धुवा, तळा, उकळा, जात नाहीत. पुढच्या वर्षांत त्या सूचना बदलत गेल्या, म्हणून आजही आम्ही खाण्याआधी चालू सूचना बघतोच. पण त्या दिवशी पोराच्या हातातला मासा परत पाण्यात सोडावा लागला. पोरगं रडलं.

गाडीत आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एवढा श्रीमंत देश, आणि नदीतला मासा पोराला खाऊ घालता येत नाही." आणि थोड्या वेळाने, "आपण तरी काय केलं रे? पानशेतच्या पुराआधी आम्ही मुठेत उतरून ओंजळीने पाणी प्यायचो."

मंडळी, आमच्यातल्या तिघांनी पुण्यात इंजिनिअरिंग केलं. चार वर्षं लकडी पुलावरून नाक दाबून गेलो. ती नदी आहे हेच कधी मनात आलं नाही. नंतर वाचनात आलं की दख्खनचा महसीर, गळ टाकणाऱ्या जगभरच्या लोकांना ज्याचं वेड आहे तो मासा, त्याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून! आपल्या नाक दाबायच्या नदीतून! पुढे १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने या महसीरची पैदास सुरू केली आणि पिल्लं ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. म्हणजे मनावर घेतलं तर मासा परत आणता येतो. त्याच्यासाठी पाणी परत आणणं जास्त अवघड.

मुठा साफ करणं आपल्या मंडळाच्या आवाक्यातलं नाही. पण एक पाझर तलाव आहे. यंदा मंडळाने मराठवाड्यातल्या एका गावचा तलाव निवडलाय, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी बांधलेला. आता तो गाळाने भरलाय. पावसाचं पाणी येतं आणि वाहून जातं, फेब्रुवारीत विहिरी तळ गाठतात. गाळ काढला तर पाणी साठेल, मुरेल, आणि तोच गाळ शेतकरी आपल्या रानात पसरतील. गाळ वाहून न्यायचा खर्च गावकरी करणार आहेत. आपल्याला फक्त मशीनचा खर्च उचलायचाय.

आम्ही सहा जणांनी ठरवलंय, यंदा नवी काठी नाही, नवी रीळ नाही. ते पैसे आज त्या पेटीत टाकले आहेत. घरच्यांचा आनंद गगनात मावत नाहीये! तुम्ही काय आणि किती द्यायचं ते तुम्ही ठरवा. फॉर्म प्रत्येक टेबलावर ठेवलेत.

तो रडणारा मुलगा आता आमच्यापेक्षा उंच झालाय, मागच्या टेबलावर बसलाय. पुढच्या हिवाळ्यात तो गावाला जाणार आहे, आजीला घेऊन तलाव बघायला. गळ बरोबर नेऊ का, असं विचारत होता. आम्ही म्हटलं, ने की. आधी पाणी राहू दे, मग मासे येतील.

चला, जेवणं थंड होतायत.