डोंगरावरचे बूट
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे आणि भाषणाची मला सवय नाही. पण आपल्यातल्या काही जणी यंदा नवरात्रात कळसूबाईला आणि पुढे डिसेंबरात हिमालयात केदारकांठ्याला निघाल्या आहेत. मी लेकीबरोबर दोन्हीकडे जाऊन आले, म्हणून चिटणीसबाईंनी मला बुटांवर बोलायला उभे केले आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. आपण बायका घरात सगळ्यांना नवे घेतो आणि स्वतः मुलाचे जुने बूट पुढे कापूस कोंबून चालवतो. भाजी आणायला ते चालतील, डोंगरावर नाही. टाच आत हलली की फोड आलाच. चढताना नुसता दम लागतो. पाय जातात ते उतरताना, कारण सगळा भार बोटांवर येतो. माझ्या धाकट्या जाऊबाई मुलाच्या बुटांवर गेल्या होत्या. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडून गळाली. या कामी काटकसर करू नका.

बूट घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून पाय थोडे फुगलेले असतात, तसेच ते डोंगरावरही फुगतात. जे मोजे वापरणार तेच घालून जावे. मोजे लोकरीचे बरे. सुती मोजा भिजला की लवकर वाळत नाही. नाडी सैल ठेवून पाय पुढे सरकवावा, टाचेमागे एक बोट शिरले पाहिजे. मग नाडी आवळून दुकानाचा जिना उतरून पाहावा. बोटे पुढे टेकली तर बूट परत ठेवावा. दुकानदार म्हणेल, "ताई, वापरून सैल होईल." रुंदीला होतो थोडा, लांबीला नाही.

तळ रबराचा, खोल खाचांचा हवा. पूर्वी युरोपात चामडी तळाला खिळे ठोकलेले बूट घालून लोक पहाड चढत. १९३५ साली मिलानच्या व्हिताले ब्रामानींचे सहा सोबती आल्प्स पर्वतात मृत्यू पावले, आणि बूट त्या थंडीला व वाटेला योग्य नव्हते हे त्यांच्या मनाने घेतले. १९३७ साली त्यांनी खाचांचा रबरी तळ काढला. आज आपण घेतो ते बूट त्याच चालीचे.

कळसूबाई १,६४६ मीटर. वाटेत लोखंडी शिड्या आहेत, आणि नवरात्रात कातळावर शेवाळ असते. तिथे हलका, वाकणारा बूट पुरतो. केदारकांठा साडेबारा हजार फूट आणि डिसेंबरात बर्फ. तिथे घोटा झाकणारा, पाणी आत न घेणारा बूट हवा.

आता बर्फावरच्या काट्यांचे. केदारकांठ्याला बुटावर रबरी पट्ट्याने ओढून बसवायची काटेरी साखळी लावतात. ती साध्या बुटालाही बसते. क्रॅम्पन ही निराळी वस्तू. त्याला दहा-बारा लांब पोलादी दाते असतात, आणि ते उभ्या, कठीण बर्फासाठी. मऊ बुटाला ते बांधू नये. बूट पावलागणिक वाकतो, क्रॅम्पन वाकत नाही, आणि नेमके उतारावर ते सुटून येते. म्हणून क्रॅम्पन लागणार असेल तर दुकानात दोन्ही एकत्र लावून पाहावे. काटे लावल्यावर पावले जरा फाकून टाकावी, नाहीतर दात सलवारीच्या पायात अडकतो. हसू नका, माझ्यासमोर एकीची टरकन फाटली! खाली ओल्या बर्फाचे गोळे जमतात, ते काठीने ठोकून पाडावे.

नवे बूट आणून कपाटात ठेवू नका. दोन-तीन आठवडे घरात, दळण आणायला, देवळाच्या पायऱ्यांवर घालून फिरा. माझे बूट आणि साखळी बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. पाहायची असतील त्यांनी पाहून घ्यावी, पण साखळी लावून सतरंजीवर चालू नये, सतरंजी मंडळाची आहे.