सुभेदार रामजींचा रात्रीचा पहारा

पदवीधर मित्रांनो, आणि मांडवात मागे बसलेल्या आईबाबांनो,

एकशेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. परळच्या डबक चाळीत पेन्शनीत निघालेले एक सुभेदार रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. खोली एकच. स्वयंपाक, सामानसुमान, माणसं, सगळं तिच्यातच. मुलगा झोपे तिथे उशाशी जातं आणि पायाशी शेळी. दोन वाजले की सुभेदार त्याला हलवून उठवत आणि मग स्वतः अंग टाकत. मुलगा मिणमिणत्या दिव्यापाशी पुस्तक उघडून बसे. छावणीत पहारा बदलतात, तसाच हा बदल.

मुलाचं नाव भीमराव, म्हणजेच पुढचे बाबासाहेब आंबेडकर. आज मात्र बोलायचं आहे ते त्याच्या वडिलांविषयी, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्याविषयी.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. वडील मालोजी फौजेतच होते. पत्नी भीमाबाई मुरबाडकर घराण्यातल्या, त्यांचे वडीलही लष्करात सुभेदार-मेजर. आज आपण जमलो आहोत त्या जव्हार तालुक्यातल्या जामसरला मुरबाड परकं नाही. तुम्ही जन्मलात तेव्हा जव्हार आणि मुरबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होते. जव्हारसह पालघर जिल्हा वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला.

त्या काळी देशी पलटणींत शिपायांच्या मुलामुलींना शिकणं सक्तीचं होतं. गावच्या शाळेत ज्यांना पायरी चढू देत नव्हते, त्यांच्या हातात छावणीने पाटी दिली. रामजींनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी त्यांचं चौदावं अपत्य जन्मलं, तेच भीमराव.

पुढच्याच वर्षी सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत माणसं दिली, त्यांच्याच तोंडावर दार लागलं. रामजी गप्प बसले नाहीत. या हुकुमाविरुद्धच्या अर्जासाठी ते न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले, असं चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. ते दार पहिल्या महायुद्धात थोडा काळ उघडलं, पुन्हा बंद झालं. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 मध्ये. तोवर रामजी जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.

रामजी कबीरपंथी होते. घरात संध्याकाळी भजन, दोहे, अभंग होत आणि मुलांना रामायण-महाभारतही वाचावं लागे. हे ग्रंथ कशाला वाचायचे, असं भीमरावाने एकदा विचारलं. बाबासाहेबांनी ही आठवण 1956 साली लिहून ठेवली आहे. रामजींनी सांगितलं की आपण अस्पृश्य, मनात न्यूनगंड येणं साहजिक आहे, तो यातून जातो: द्रोण पाहा, कर्ण पाहा, लहान माणसं केवढी चढली. आणि वाल्मीकी तर कोळी, त्याने रामायण रचलं! महादेव कोळ्यांच्या या मुलखात ते उत्तर पुन्हा सांगावंसं वाटतं. भीमरावाचं त्याने समाधान झालं नाही. पण बापाची भक्ती कशासाठी होती, हे त्यातून कळतं: पोराची मान खाली जाऊ नये.

आजच्या समारंभाशी जुळणारा प्रसंग याच आठवणीत आहे. भीमराव इंग्रजी चौथी पास झाला, तेव्हा समाजाच्या मंडळींनी सत्काराचं ठरवलं. रामजींनी नकार दिला. पोरगा नुसती परीक्षाच तर पास झालाय, सत्काराने डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांचे स्नेही दादा केळुसकर यांनी येऊन हुज्जत घातली तेव्हा ते राजी झाले. केळुसकरांनी त्या सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाला भेट दिलं.

नकार देणारे हेच वडील पुस्तकांसाठी मात्र कुणापुढेही हात पसरत. मुलाने पुस्तक मागितलं की ते मुंबईतच दिलेल्या लेकीकडे जात. तिच्याजवळ पैसे नसले तर ती अंगावरचा दागिना काढून देई. दागिना सावकाराकडे गहाण पडे, पेन्शन हाती आली की सोडवून लेकीला परत जाई. दिवाळी झाली की वीटभट्टीच्या वाटेला लागणाऱ्या जव्हार-मोखाड्याच्या घरांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आज मागच्या रांगेत बसलेल्या कुणाकुणाच्या गळ्यातलंही असंच गहाण पडलं असेल.

1913 च्या जानेवारीत पदवीधर भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची तार आली. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा सुभेदारांची शेवटची घटका होती. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. 2 फेब्रुवारी 1913 ला ते गेले.

त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला गेले. दहा वर्षांनी, 1923 साली, त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी अर्पण केला आहे आईवडिलांच्या स्मृतीला, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांची आठवण ठेवून.