ख्रिस्ती दान : पैसा आणि वेळ

ख्रिस्ती दानाची जुनी रीत दशांशाची. शेताचे पीक, झाडाची फळे आणि कळपातील जनावरे यांचा दहावा हिस्सा देवाचा, असे लेवीय पुस्तकात सांगितले आहे. त्याच नियमशास्त्रात सहा दिवस कष्ट करून सातवा दिवस देवासाठी राखण्याची आज्ञा आहे. मिळकतीप्रमाणे वेळेतही देवाचा वाटा आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात ही दोन्ही दाने एकत्र येतात. वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमा तो बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, तेथे त्याची देखभाल करतो आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो. पैसे त्याने दिले, पण आधी स्वतःचा प्रवास थांबवला.

महाराष्ट्रातील मोठे उदाहरण पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या शारदासदन या विधवांच्या शाळेसाठी अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने पैसा उभा केला. १८९६–९७ च्या दुष्काळात मात्र रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांना सांभाळणे, शिकवणे, हाताला काम देणे यात रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये अनेक स्त्रियांचे आयुष्य गेले. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या या कामात गुंतल्या होत्या.

सोलापुरात प्रॉटेस्टंट मंडळीचे काम १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशनने सुरू केले. मंडळीचा खर्च रविवारच्या दानातून आणि उपकारस्तुतीच्या सणाला येणाऱ्या वस्तूंतून भागतो. पण शब्बाथशाळा घेणे, आजाऱ्यांना भेटणे, शोकाच्या घरी बसणे, मुलांचा अभ्यास घेणे ही कामे दानपेटीतून होत नाहीत.

वेळेची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तिने मंडळीला दिलेला तास म्हणजे तेवढी बुडालेली मजुरी. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे दान येशूने सर्वांत मोठे मानले, ते तिच्याजवळ मागे काय उरले यावरून. वेळेच्या दानालाही हेच माप लावावे लागते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने तो द्यावा, पण तेवढ्यावर त्याची सुटका होत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याच्या तासाची नोंद मंडळीने तितक्याच आदराने ठेवावी.